सलग म्हणजे नक्की किती सलग? एका साध्या शब्दाची गोष्ट

परवा गावाहून काकांचा फोन आला. सोयाबीन पाण्यात गेलंय, आठवडाभर पाऊस हटला नाही, शेजारच्या महसूल मंडळाचं, म्हणजे काही गावांच्या गटाचं, नाव सततच्या पावसाच्या भरपाईच्या यादीत आलं आणि यांच्या मंडळाचं नाही. काका म्हणाले, "अरे सतत म्हणजे अजून काय असतं? आम्ही तर सूर्य बघितला नाही." मी त्यांना धड उत्तर देऊ शकलो नाही. मग नियम शोधून वाचला आणि लक्षात आलं की सगळा घोळ एकाच शब्दापाशी अडकलाय. नियमाच्या नावात 'सतत' आहे पण पोटात 'सलग' आहे. हे दोन शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतो, कागदावर मात्र ते फार वेगळे वागतात.

महाराष्ट्रात आधी भरपाई मुख्यतः अतिवृष्टीला मिळायची. अतिवृष्टी म्हणजे एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस. पण रोज थोडा थोडा पडून पीक कुजलं तर? त्यासाठी २०२३ मध्ये राज्य सरकारने सततचा पाऊस ही नैसर्गिक आपत्ती धरली आणि त्याचं माप ठरवलं. १५ जुलै ते १५ ऑक्टोबर या काळात मंडळात सलग ५ दिवस, रोज किमान १० मिमी पाऊस हवा, शिवाय मागच्या दहा वर्षांच्या सरासरीच्या दीडपट तरी पाऊस व्हायला हवा. पुढे अजून चाळण्या आहेत, त्या सोडू. आपण त्या 'सलग' शब्दाकडे बघू.

मणी आणि दोरा

माळ डोळ्यासमोर आणा. माळेत मणी असतात आणि दोरा असतो. मणी सुटे, मोजता येणारे, एकाला लागून दुसरा. हे झालं लागोपाठ. शब्दातच 'लाग' आणि 'पाठ' दिसतात, एकाच्या पाठीला लागून दुसरा. दोरा मात्र मोजायचा नसतो, तो कुठे तुटला नाही ना एवढंच बघायचं. हे झालं सलग.

शेतकऱ्यांना हा फरक शिकवावा लागत नाही. पाणलोटाच्या कामात डोंगराच्या उतारावर जे चर खणतात त्यांना सलग समतल चर म्हणतात, म्हणजे एकाच उंचीवरून न तुटता गेलेला चर. आता तिथे 'लागोपाठ समतल चर' म्हणून बघा, अर्थच बदलला, डोळ्यापुढे एकामागे एक खणलेले पाच-सहा वेगळे चर येतात. तसंच सलग तूर म्हणजे मधे दुसरं पीक नसलेली तूर, आंतरपीक घेतलं की ती सलग राहिली नाही. सलग या शब्दाचं मूळ घर मला तरी हे जमिनीचंच वाटतं, लगत, लागून, संलग्न हे सगळे त्याचेच भाऊबंद.

मग तो जमिनीवरून वेळेवर आला. सलग तीन तास झोपलो, सलग दहा किलोमीटर चाललो. इथे पण दोराच आहे, मधे तुटलेला नाही. गोंधळ सुरू होतो ते आपण सुट्या गोष्टींना सलग लावतो तेव्हा. 'सलग तिसरा विजय', 'सलग दुसऱ्या वर्षी दुष्काळ'. विजय काही दोरा नाही, तो मणी आहे, खरं तर तिथे लागोपाठ हवं. पण पेपरात, टीव्हीवर, आपल्या तोंडात सगळीकडे सलग बसलंय आणि त्यात चूक काढण्यात मला काही अर्थ वाटत नाही, भाषा अशीच चालते. फक्त एक ध्यानात ठेवायचं की मणी मोजतोय का दोरा बघतोय हे आपलं आपल्याला माहीत पाहिजे.

सतत म्हणजे न थांबता की पुन्हा पुन्हा?

दोन्ही, आणि हीच अडचण आहे.

सतत हा मूळ संस्कृत शब्द, तन् म्हणजे ताणणे या धातूतून आलेला, एकसंध ताणलेलं असा त्याचा भाव. संततधार मधला संतत त्याच धातूचा, आणि संतती पण, कारण वंश हा पुढे पुढे ताणलेला धागाच की. म्हणजे मुळात सतत हा दोरावाला शब्द. पण बोलण्यात काय झालं? "तो मला सतत फोन करतो" याचा अर्थ फोन कधी ठेवतच नाही असा नाही, वारंवार करतो असा आहे. "ती सतत आजारी असते" म्हणजे पण अधूनमधून बरी होते आणि परत पडते. सततमधे मोकळी जागा शिरली, आपण ती चालवून घेतली.

डॉक्टर मात्र ती चालवून घेत नाहीत. ताप आलाय म्हटलं की पहिला प्रश्न, सतत आहे का येऊन जाऊन? कारण त्यावर बरंच अवलंबून असतं. मलेरियाच्या एका नेहमीच्या प्रकारात ताप एक दिवस सोडून एक दिवस येतो, म्हणजे दिवसाआड, आणि टायफॉइडचा ताप साधारण चढलेलाच राहतो. दिवसाआड हा पण बघा किती छान शब्द आहे, नियम आहे पण सलगपणा नाही. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्यांना तो नीट कळतो.

औषधातही हा फरक नुसता शब्दांचा नाही. टीबीच्या रुग्णांना आपल्या सरकारी कार्यक्रमात वर्षानुवर्षं आठवड्यातून तीनदा गोळ्या द्यायचे, २०१७ पासून रोज द्यायला सुरुवात झाली. नेहमीचा टीबी असेल तर किमान सहा महिने, आणि मधेच बरं वाटलं म्हणून सोडल्या तर जंतू त्या औषधाला पुरून उरायला शिकतात. "मी सतत घेतोय गोळ्या" असं सांगणारा माणूस रोज घेतोय की आठवेल तेव्हा घेतोय हे विचारून घ्यावं लागतं, आणि घरातल्यांनी ते विचारावंच.

अखंड: माणूस बदलतो, वीणा नाही

अखंड शब्द फोडला की अ आणि खंड, तुकडा नसलेलं. निरंतर पण तसाच, निर् आणि अंतर, मधे अंतर नसलेलं. अविरत म्हणजे विराम न घेतलेलं. हे तिन्ही शब्द 'नाही' सांगून अर्थ देतात आणि मला यातला अखंड सगळ्यात जवळचा, कारण तो आपण डोळ्यांनी बघितलेला असतो.

गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. एक माणूस सात दिवस उभा राहू शकत नाही, हे उघड आहे. म्हणून पहारे लावतात. पहिल्याचा पहारा संपायच्या आधी दुसरा येऊन उभा राहतो, पाया पडतो, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, आणि तिचा जमिनीला स्पर्श होत नाही. रात्री तीनचा पहारा घेणारी माणसं मी लहानपणापासून बघितलीत, डोळ्यांवर झोप असते पण पाय हलत असतात. इथे माणसं आहेत लागोपाठ आणि वीणा आहे सलग. मण्यांनीच दोरा धरून ठेवलाय. मला वाटतं लागोपाठ आणि सलग यांचं नातं एवढं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही, आणि अखंड म्हणताना काय अखंड ठेवायचंय हे आधी ठरवलेलं असतं. वीणा की माणूस? वीणा. मग माणूस बदलला तर चालतो.

लागोपाठ, पण कुठल्या यादीत?

आता क्रिकेट. हॅटट्रिक म्हणजे एका बोलरने लागोपाठ तीन बॉलवर तीन विकेट. नागपूरला १९८७ च्या वर्ल्ड कपमधे चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध घेतली तशी, तिन्ही बोल्ड, वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक. ती समजायला सोपी आहे, एकाच ओव्हरमधे तीन बॉल.

पण १९८८ ची पर्थ टेस्ट बघा, ऑस्ट्रेलिया विरुद्ध वेस्ट इंडीज. मर्व्ह ह्यूजने एका ओव्हरच्या शेवटच्या बॉलवर अँब्रोजला काढलं. मग दुसऱ्या एंडकडून दुसऱ्याची ओव्हर. मग ह्यूजने आपल्या पुढच्या ओव्हरच्या पहिल्या बॉलवर पॅटरसनला काढलं आणि वेस्ट इंडीजची इनिंगच संपली. मग ऑस्ट्रेलियाची अख्खी इनिंग झाली. आणि वेस्ट इंडीज परत बॅटिंगला आल्यावर ह्यूजने पहिल्याच बॉलवर ग्रीनिजला एलबीडब्ल्यू केलं. तीन ओव्हर, दोन इनिंग, मधे इतका खेळ होऊन गेला तरी हॅटट्रिक ती हॅटट्रिकच. कारण? यादी मॅचमधल्या सगळ्या बॉलची नाही, ह्यूजने टाकलेल्या बॉलची आहे. त्या यादीत हे तीन बॉल एकमेकांना चिकटून आहेत. सलग म्हणालात तर जीभ अडखळते, लागोपाठ म्हणालात तर बरोबर बसतं.

टॉसचं पण तसंच. २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलपासून २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफी फायनलपर्यंत भारत वनडेत लागोपाठ १५ टॉस हरला. सरळ नाण्याने १५ वेळा असं व्हायची शक्यता ३२,७६८ मधे एक. पण याच काळात २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलचा टॉस भारताने जिंकला होता. मग लागोपाठ कसं? वनडेची यादी वेगळी म्हणून. यादी बदला, लागोपाठ मोडतं. कुणी "सलग इतक्या वेळा" असा आकडा फेकला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, कशाच्या यादीत? कारण यादी कापून-छाटून कुठलीही गोष्ट लागोपाठ दाखवता येते, घरच्या मैदानावर, रविवारी, डे-नाईट, अमुक कॅप्टन असताना, आणि अशा आकड्यांचा रोज पाऊस पडत असतो.

(आणि १५ हरले म्हणून सोळावा आपलाच असं काही नसतं, नाण्याला मागचं आठवत नाही.)

शाळेत क्रमागत संख्या शिकवतात तिथे हेच आहे. ५, ६, ७ क्रमागत. ४, ६, ८ या क्रमागत समसंख्या. मधे ५ आणि ७ आहेत की, पण समसंख्यांच्या यादीत नाहीत. पोरांचं गणित चुकतं ते बहुतेक वेळा यादी कुठली हे न बघितल्यामुळे.

मधे गॅप आहे तर ते सलग कसलं?

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. दोरा तुटला तर तुटला. पण माणसांच्या व्यवहारात दोरा तुटला की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही, कुणीतरी ठरवतं.

साधं बघा. शुक्रवारी सणाची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार, आपण म्हणतो जोडून सुट्टी आली. तेच शुक्रवारी आणि सोमवारी रजा टाकली तर काही ऑफिसांत मधला शनिवार-रविवारही रजेत धरतात, त्याला सॅन्डविच लीव्ह म्हणतात. तेच दोन दिवस. एकदा ते आपल्या बाजूने जोडले जातात, एकदा आपल्याविरुद्ध.

आता नोकरी. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशासाठी, साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. सलग म्हणजे पाच वर्षं एकही दिवस घरी बसायचं नाही का? तसं असतं तर कुणालाच मिळाली नसती. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने सलग सेवेची व्याख्या घालून दिली, तिच्यात आजारपण, अपघात, रजा, ले-ऑफ, टाळेबंदी, कामगाराची चूक नसताना थांबलेलं काम यामुळे सेवा तुटत नाही. आणि ते नाही बसलं तरी १२ महिन्यांत २४० दिवस काम केलं तर ते एक वर्ष सलग धरायचं, खाणीत जमिनीखाली काम असेल किंवा आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम चालत असेल तर १९० दिवस. म्हणजे कायद्याच्या नजरेत ३६५ पैकी २४० दिवसांचं वर्षही सलग. शब्दकोशात हे बसणार नाही. पण माणूस म्हणून बघितलं तर बरोबर बसतं, कारण कायदा विचारतोय ते नातं तुटलं का, हजेरी नाही.

आणि नेमकं इथेच उलटा खेळ होतो. कंत्राटी लोकांना अकरा महिन्यांची ऑर्डर मिळते, मग एक-दोन दिवसांचा तांत्रिक खंड, मग परत अकरा महिन्यांची नवी ऑर्डर. खुर्ची तीच, रजिस्टर तेच, काम तेच, कधीकधी त्या खंडाच्या दिवशी पण माणूस येऊन काम करतो कारण दुसरं कोण करणार. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी अशी बारा वर्षं काढली. बारा वर्षं लागोपाठ ऑर्डरी, आणि कागदावर सलग सेवा शून्य, असंच त्यांना सांगितलं गेलं. शब्दाचा असा वापर मला अजिबात पटत नाही. दोरा तुटलेला नाही, तो दरवर्षी मुद्दाम कापलाय. सरकारी भाषेत यावर पण शब्द आहे, सेवेतील खंड क्षमापित करणे, म्हणजे मधली फट माफ करून सेवा जोडून देणे. खंड पाडला दुसऱ्याने आणि क्षमा मात्र कामगाराने मागायची, हे वाचताना दरवेळी टोचतं.

न्यायालयात पण असा कापलेला दोरा गेलेला आहे. मंत्री व्हायला आमदार असावंच लागत नाही, पण लागोपाठ सहा महिने सभागृहाचा सदस्य नसेल तर मंत्रिपद जातं, घटनेच्या कलम १६४(४) मधे आहे ते. २०२० मधे उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना कोरोनामुळे निवडणुका थांबल्या होत्या आणि सगळा महाराष्ट्र हे सहा महिने मोजत होता ते आठवत असेल, शेवटी मे महिन्यात ते विधान परिषदेवर बिनविरोध निवडून आले आणि प्रश्न मिटला. पंजाबात मात्र वेगळं झालं. तेजप्रकाश सिंग १९९५ च्या सप्टेंबरमधे आमदार नसताना मंत्री झाले, सहा महिने भरत आले तेव्हा मार्च १९९६ मधे राजीनामा दिला, आणि नोव्हेंबरमधे निवडून न येताच परत मंत्री झाले. युक्तिवाद काय? मधे खंड पडला, म्हणजे मोजणी नव्याने. सुप्रीम कोर्टाने २००१ मधे हे घटनाबाह्य ठरवलं. त्याच विधानसभेच्या काळात निवडून न येता दुसऱ्यांदा सहा महिने घेता येणार नाहीत. अक्षर बघितलं तर 'लागोपाठ' मोडलं होतं, कोर्टाने अक्षर धरलं नाही, तो नियम कशासाठी आहे ते धरलं.

संदर्भावरून कळतंच की, इतका कीस कशाला?

गप्पांमधे नकोच. मित्र म्हणाला सलग चार कप चहा झाले तर कुणी फूटपट्टी घेऊन बसत नाही. पण ज्या कागदावर सही करायची, ज्या यादीत नाव यायचंय, ज्या गोळ्या घ्यायच्यात, तिथे दोन गोष्टी विचारून घ्याव्याच लागतात: मोजायचं काय आहे, आणि कशाला खंड धरणार. हे न विचारल्यामुळे लोकांचं खरोखर नुकसान झालेलं मी बघितलंय.

पावसाचंच घ्या. २०२३ च्या ऑगस्टमधे पाऊस गायब होता, तेव्हा पीक विम्यात २१ दिवसांपेक्षा जास्त पावसाचा खंड असेल तर भरपाईच्या २५ टक्के रक्कम अग्रिम, म्हणजे आगाऊ, मिळायची तरतूद होती. आता मधे एखाद्या संध्याकाळी भुरभुर आली, धूळ पण बसली नाही, तर खंड मोडला का? हवामान खातं २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच त्याला पावसाचा दिवस म्हणतं. म्हणजे कोरडेपणा सलग आहे का हे ठरवायला पण आधी पाऊस कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. झड लागली तर नुकसान, खंड पडला तर नुकसान, आणि दोन्हीकडे मोजणारा शब्द तोच.

मग काकांच्या मंडळाचं काय झालं?

नियमातला दिवस म्हणजे आपला दिवस नाही. हवामान खात्याच्या पद्धतीत पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो मागच्या २४ तासांचा असतो. समजा सोमवारी आणि मंगळवारी पहाटेपर्यंत धो धो पडला, मग मंगळवारी दिवसभर नुसती रिपरिप आणि बुधवारी सकाळी नऊला परत जोर. काका म्हणणार तीन दिवस पाऊस हटला नाही, आणि ते खोटं बोलत नाहीयेत. पण मंगळवार साडेआठ ते बुधवार साडेआठ या डब्यात ८ मिमीच पडला तर १० मिमीची अट हुकली, आणि पाच दिवसांची मोजणी परत एकपासून. शेताच्या दृष्टीने दोरा अखंड आहे, मुळं पाण्यातच आहेत. रजिस्टरच्या दृष्टीने एक मणी कमी आहे. त्यात भर म्हणजे पर्जन्यमापक मंडळात एका ठिकाणी असतो आणि शेतं दूरवर पसरलेली असतात.

हे सगळं मी काकांना फोनवर समजावलं, सतत आणि सलगचा फरक पण सांगितला, मणी आणि दोऱ्याचं उदाहरण देऊन. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे रोजचे आकडे बघायला पाहिजेत." बरोबर. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाच्या केंद्रातले त्या आठवड्याचे रोजचे आकडे मागणारा अर्ज लिहिला, सकाळी साडेआठ ते साडेआठ असं स्पष्ट टाकून, आणि खाली शेजारच्या चार शेतकऱ्यांच्या सह्या घेतल्या. आकडे अजून आलेले नाहीत.